भेटीचं रडणं

शेवटच्या भेटीत आत्या रडली नाही. मी फाटक उघडून आत गेलो तेव्हा ती छपरीत बसून लाखोरीची भाजी निवडत होती. तिने मान वर केली, "आलास? बस," म्हणाली आणि सुनंदाला पाणी आणायला सांगितलं. मग, "गाडीत जागा भेटली होती ना?" असं विचारलं. बस्स. कुठल्याही घरात कुठल्याही पाहुण्याचं होतं तसं माझं स्वागत झालं आणि, खोटं कशाला बोलू, मला तेव्हा हायसं वाटलं. दीड महिन्याने सुनंदाचा, म्हणजे आत्याच्या मुलीचा, फोन आला. सकाळचा चहा पिऊन आत्या भिंतीला टेकून बसली होती, ती तशीच राहिली. "दादा, आई गेली..." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. मी पुण्यात ऑफिसात होतो. एक कान फोनला होता, दुसऱ्या कानावर हेडफोन होता आणि त्यात कुणा अनोळखी बाईचा आवाज चालू होता. त्या आवाजाला 'तटस्थ' म्हणायचं की 'दुःख', हे मला ठरवायचं होतं. मी आधी ते ठरवलं, बटण दाबलं आणि मग उठलो. आता काही आठवडे उलटून गेले, तरी ते बटण दाबणं मनातून जात नाही. हा लेख आत्यावर आहे. पण तिच्याबद्दल लिहायचं तर माझंही काही सांगावं लागेल, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आत्याचं नाव कौतिका. माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर बपेऱ्याचं, तुमसरच्या पुढे, जिथून मध्य प्रदेश हाकेवर आहे. आणि सासर सानगडीचं, साकोलीच्या बाजूला. भंडारा जिल्ह्याच्या एका टोकाची पोर दुसऱ्या टोकाला दिलेली. त्या काळी जायला अख्खा दिवस लागायचा आणि असा दिवस वर्षातून एखादाच मिळायचा. यजमान लवकर गेले. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, ती बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची, बाकीचे दिवस बिड्या वळायची, आणि एवढ्यावर तिने सुनंदाला बारावीपर्यंत शिकवून अंगणवाडीत लावलं. आवाज असा की ती घरामागच्या सांदवाडीत वांगी तोडताना काही बोलली तर पुढच्या रस्त्यावरून जाणारा माणूस 'ओ' द्यायचा. जीभ तिखट. पण कुणाचं चुकलं तर ती भांडत बसायची नाही. एखादा शब्द असा टाकायची की समोरच्याला तो घरी जाऊन जेवायला बसल्यावर कळायचा.

आणि ती रडायची. हे नीट सांगावं लागतं, कारण तिची पिढी सोडली तर आता असं फारसं कुणी रडत नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका माहेरचं माणूस दारात दिसलं की आधी त्याच्या गळ्यात पडून रडत. नुसतं डोळ्यांतून पाणी काढणं नव्हे, सूर लावून, शब्द जोडून रडणं. "आलं वं माय, माह्या भावाचं लेकरू आलं... कोन्या वाटेनं आलं रे बाबू... माहा भाऊ कसा आहे, वहिनीचे गुडघे कसे आहेत, तांबडी गाय व्याली का नाही..." सगळी विचारपूस त्या रडण्यातच होऊन जायची. दोन-तीन मिनिटं हे चालायचं. मग पदराने तोंड पुसून ती एकदम कोरड्या आवाजात म्हणायची, "चाल, हातपाय धू. भात टाकतो." (आमच्याकडे बायकाही 'टाकतो', 'जातो'च म्हणतात.) नवख्या माणसाला वाटावं, घरात मयत झाली आहे. प्रत्यक्षात त्या घरात वर्षभरातला एवढा आनंदाचा क्षण दुसरा नसायचा. माझे वडील शाळामास्तर. त्यांना हा सगळा अडाणीपणा वाटे. आत्या त्यांच्या गळ्यात पडून रडायची तेव्हा ते कवायतीला उभे राहिल्यासारखे दोन्ही हात सरळ सोडून उभे राहत आणि संपायची वाट बघत. मी त्यांचाच मुलगा. नागपूरला होस्टेलवर असताना आत्या एकदा तिळाचे लाडू घेऊन आली आणि फाटकातच तिने सूर लावला. वरच्या खिडक्यांतून पोरांची डोकी बाहेर आली. रात्रीच्या जेवणाला त्या पोरांनी माझ्या गळ्यात पडून तोच सूर काढून दाखवला. आत्याला बसस्टँडवर सोडताना मी तिला आधीच सांगून टाकलं होतं की पुन्हा इथे असं रडू नको, पोरं हसतात. ती म्हणाली, "हासतेत तं हासू दे. त्याहिले आत्या नसन." मी मात्र पुढची तीन वर्षं तिला होस्टेलवर येऊ दिलं नाही. दर वेळी काहीतरी परीक्षेचं कारण सांगितलं.

मराठीत एम. ए. झालो, काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, आणि मग पुण्यातल्या एका कंपनीत चिकटलो. ही कंपनी माणसाच्या आवाजातली भावना ओळखणारं यंत्र तयार करते. तुम्ही बोललात की त्याने ओळखायचं की तुम्ही खूश आहात, घाबरला आहात की चिडला आहात, आणि त्याप्रमाणे त्याने स्वतःचा आवाज मऊ किंवा उत्साही करून उत्तर द्यायचं. एकटी राहणारी म्हातारी माणसं, दवाखान्यात ताटकळलेली माणसं, अशांसाठी ते कामाचं आहे असं आम्हाला सांगत, आणि मला ते खरंही वाटे. यंत्राला शिकवायला हजारो आवाजांचे तुकडे लागतात. आम्ही ते ऐकायचे आणि प्रत्येकावर शिक्का मारायचा : आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य, तटस्थ. झालं. माणसाचं सगळं मन या सात खणांत बसवायचं. आमच्या भागातली माणसं बोलली की यंत्र हटकून 'राग' म्हणायचं. मी मीटिंगमध्ये हसत सांगितलं की आमच्याकडे दुसऱ्यांदा भात वाढतानाही असंच बोलतात. तेव्हा साहेब म्हणाले, मग तुमच्याकडचे खरे आवाज आणा ना, नाटकी नकोत, आतून आलेले हवेत. मला ताबडतोब आत्या आठवली. तीन वर्षं मी तिला भेटलो नव्हतो, तेव्हा आठवली नव्हती.

सानगडीला पोचलो तेव्हा धानकापणी नुकती संपलेली होती. आता लिहिताना हात आखडतो, पण लिहितो. फाटकाच्या अलीकडे थांबून मी रेकॉर्डर चालू केला, खिशात ठेवला, कॉलरला छोटा माईक लावला आणि मग कडी काढली. मला ठाऊक होतं की ती रडणार. मी त्या रडण्यासाठीच आलो होतो. तिला वाटलं मी तिच्यासाठी आलो आहे. ती बिड्यांचं सूप बाजूला सारून उठली आणि माझ्या गळ्यात पडली, आणि मी माझ्या वडिलांसारखा हात सोडून उभा राहिलो. का, तर हात हलले की माईकला घासतात. नंतर मी तिला सगळं समजावून सांगितलं, कागद पुढे केला. तिने सावकाश एकेक अक्षर जुळवत सही केली. "माहा आवाज कायले पाहिजे तुमच्या साहेबाले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "यंत्राला माणसाचं मन कळावं म्हणून." ती म्हणाली, "बाप्पा! पुस्तकावानी बोलते हा." आणि भात टाकायला उठली. गावातल्या आणखी दहा-बारा म्हाताऱ्यांचे आवाज मी दोन दिवसांत गोळा केले. आत्यानेच त्यांना गोळा करून आणलं, "माह्या भाच्याचं काम आहे" म्हणून, आणि कौतिकाच्या माहेरचं लेकरू म्हणून त्याही मला भेटून रडल्या.

पुण्यात माझ्या हाताखाली केतकी नावाची साताऱ्याची मुलगी आहे. हुशार, मन लावून ऐकणारी. आत्याच्या रेकॉर्डिंगमधला पंधरा सेकंदांचा तुकडा तिच्याकडे गेला. तिने आणि आणखी दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकच शिक्का मारला : दुःख. केतकी हेडफोन काढून माझ्याकडे आली. तिचे डोळे भरले होते. "सर, या बाईंच्या भावाचं लेकरू गेलं का हो? 'भावाचं लेकरू गेलं' म्हणतायत ना त्या?" मी मनात हसलो. म्हटलं, साताऱ्याच्या कानाला आमची बोली काय कळणार, 'आलं'चं 'गेलं' ऐकते पोरगी. मी म्हणायला हवं होतं की ही माझी आत्या आहे, ते लेकरू मीच आहे आणि ती आनंदाने रडते आहे. पण मग ते सगळं सांगावं लागलं असतं, सूर लावून रडणं, गळ्यात पडणं, आणि पुढे कुणीतरी कॅन्टीनमध्ये तो सूर काढून दाखवला असता. मी म्हणालो, "हो, गेलं." एवढंच. एका आवाजावर 'दुःख' ठरल्यावर बाकीच्या म्हाताऱ्यांच्या भेटीच्या रडण्यावरही मी तोच शिक्का मारत गेलो. त्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. इतकं अस्सल दुःख आमच्या संग्रहात दुसरं नव्हतं.

वर्षभराने यंत्र फोनात बसवून आम्हाला घरच्या माणसांवर वापरून बघायला दिलं. मी ते आत्याच्या फोनात टाकलं. तिला ते आवडलं, अगदी मनापासून. "मले करमून नाही राहिलं" असं ती म्हणाली की ते मऊ आवाजात तिच्याशी बोलत बसायचं. सुनंदाला ती सांगायची, "हे बाई जेवत नाही, झोपत नाही, अना रोज माह्या गुडघ्याचं विचारते." मी गुडघ्याचं कधी विचारलं होतं, आठवत नाही. मग गेल्या उन्हाळ्यात बपेऱ्याहून तिची लहानपणची मैत्रीण गोदाबाई नातीच्या लग्नाचं सांगायला आली. दोघी गळ्यात पडून रडल्या. फोन तिथेच कोनाड्यात होता. मोठा आवाज ऐकून यंत्र जागं झालं आणि गहिवरलेल्या आवाजात म्हणालं, "आपलं जवळचं माणूस गेल्यावर असं होणं स्वाभाविक आहे. मी तुमच्यासोबत आहे." आमच्याकडे मयतीचा निरोप एकदम सांगत नाहीत. निरोप आणणारा येतो, पाणी पितो, इकडचं तिकडचं बोलतो, माणसाला दोन घास खाऊ देतो आणि मग सांगतो. आत्याला वाटलं, गोदा त्यासाठीच आली आहे. "कोन गेलं वं गोदा? माहा भाऊच ना?" गोदाबाई शपथा घेऊ लागली, "नाही वं माय, मी तं लग्नाचं सांगाले आलो," आणि तिने जितक्या शपथा घेतल्या तितकी आत्याची खात्री होत गेली. "लग्नाचं नको सांगू मले. बाबूचं यंत्र खोटं कायले बोलन? त्यानंच तं शिकवलं त्याले." फोनवर कुणी खरं सांगणार नाही म्हणत भर दुपारी ती निघाली. साकोली, भंडारा, तुमसर, बपेरा, तीन गाड्या बदलून संध्याकाळी पोचली, तेव्हा माझे वडील अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांना पाहून ती होती तिथे जमिनीवर बसली. ऊन लागलं होतं. तीन दिवस अंथरुणात पडून होती, वडील तिला पन्हं पाजत होते. त्यांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हसलो. नुसता हसलो नाही, दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये गंमत म्हणून रंगवून सांगितलं... कुणाची तरी आत्या म्हणून. मग आत्याला फोन करून म्हणालो, "आत्या, यंत्राजवळ असं मोठ्यानं रडत नको जाऊ. त्याला ते मयतीचं वाटतं." ती "बरं" म्हणाली. ती कधी कुणाचं इतक्या पटकन ऐकत नसे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यानंतर ती यंत्राजवळच काय, कुणाजवळही रडली नाही. माझ्याजवळही नाही.

अंत्यविधीला मी पोचू शकलो नाही. पुण्यानुमोदनाला, म्हणजे विहारातल्या तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, जायचं ठरलं तेव्हा दोन गोष्टी केल्या. आत्याचं पूर्ण रेकॉर्डिंग सुनंदासाठी मागून घेतलं, आणि केतकीला म्हणालो की तो तुकडा 'आनंद'मध्ये टाकायचा आहे, चूक माझी होती. ती गोंधळली. "पण सर, भावाचं लेकरू गेलं..." मी म्हटलं, "'गेलं' नाही, 'आलं'. बोली आहे आमची." ती म्हणाली, "बरं, तुम्ही आलात की एकत्र ऐकून बदलू." मला वाटलं, उशिरा का होईना, आत्याचं देणं फेडतो आहे. असं स्वतःवर खूश होऊनच मी सानगडीला गेलो.

वर मी एक गोष्ट गाळली आहे. लिहिता लिहिता गाळली, म्हणजे अजूनही सवय जात नाही. त्या दिवशी आत्या माझ्या गळ्यात पडून रडत होती तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरून धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर गेला आणि सगळं रेकॉर्डिंग खराब झालं. पंधरा सेकंदांचा तो तुकडा त्या रडण्यातला नव्हताच. तो दुसऱ्यांदा घेतलेला होता.

विहारातला कार्यक्रम आटोपून माणसं गेली, दुपारी घरात सुनंदा आणि मी दोघेच उरलो. मी लॅपटॉप उघडून रेकॉर्डिंग लावलं. फाटकाची कडी वाजली. "आलं वं माय, माह्या भावाचं लेकरू आलं..." मग ट्रॅक्टरची धडधड, तिच्याखाली दबलेला आत्याचा आवाज, बराच वेळ. मग माझा आवाज. "झालं का? आत्या, हे बघ, हा रेकॉर्डर आहे. मधेच ट्रॅक्टर गेला ना. परत एकदा रडशील?" कुठेतरी कोंबडी बोलली. मग आत्या म्हणाली, "भेट का दोनदा होते, बाबू?" मी काहीतरी पुटपुटलो, साहेबांचं, कामाचं. तेव्हा ती म्हणाली, "बरं. जाय, फाटकाबाहेर उभा राह्य. पुन्हा ये." माझी पावलं गेली. कडी पुन्हा वाजली, पावलं आली, आणि आत्याने सूर लावला.

"गेलं वं माय, माह्या भावाचं लेकरू गेलं..."

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. शब्द स्वच्छ होता. मधे ट्रॅक्टर नव्हता, काही नव्हतं. मी ते तेव्हा तिच्यापासून वीतभर अंतरावर उभा राहून ऐकलं होतं, नंतर ऑफिसातही ऐकलं होतं, पण तिला काय म्हणायचं असतं ते मला पाठ होतं, म्हणून मी ऐकलंच नाही. मी सुनंदाकडे पाहिलं. ती आत्याच्या पोरीला शोभेल अशी बसली होती, मांडीवर हात ठेवून, माझ्याकडे सरळ बघत. "भेटीचं रडनं असं नसते, दादा," ती म्हणाली. "भेटीत जित्या मानसाहिचं विचारते. हे पाह्य, कोनाचं काहीच नाही विचारलं तिनं. हा सूरच मयतीचा आहे." मी विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मी तवा चुलीजवर होतो. ऐकू आलं मले. तू गेल्यावर आईले म्हटलं, असं काहून म्हनलीस वं, भरल्या घरात? तं म्हणे, त्याले समजन तं समजन. मले वाटलं, समजलं असन तुले. एवढा शिकला तू..." तिने लॅपटॉपचं झाकण हलकेच लावलं आणि पाणी आणायला आत गेली.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी केतकी माझ्या टेबलापाशी आली. तिने तो तुकडा उघडून ठेवला होता. "बदलूया ना सर? 'आनंद'?" मी म्हटलं, "नको. 'दुःख'च राहू दे. तू बरोबर ऐकलं होतंस." तिने बाकीच्या म्हाताऱ्यांचं विचारलं. त्यांचे शिक्के मात्र सगळे बदलायचे, मी म्हणालो, त्या आनंदाने रडत होत्या, मी एकेक बसून तुला सांगतो. तिला अजून काहीतरी विचारायचं होतं, आणि धीर करून तिने विचारलं, "मग सर, या बाईंच्या भावाचं ते लेकरू..."

"ते मी," मी म्हणालो. आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण आजूबाजूच्या चार-पाच जणांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.